मडगार्डच्या आतला हात

टण्...

चमचा पत्र्याच्या मगावर आपटल्याचा आवाज. एवढासाच. पण त्या शांततेत तो घरभर ऐकू गेला.

लाइट गेली होती. पंखा थांबला होता, शेजारचा रेडिओ थांबला होता, फ्रिजची घरघरसुद्धा थांबली होती.

ही गोष्ट खरी आहे. कार्देनास गावात, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत ते घर आजही उभं आहे. गेल्या ऑगस्टमधली भर दुपार. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी उन्हाळ्यात लाइट गेलेली दुपार कधी काढलेली नसावी. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. माणसं दारं लोटून आडवी होतात. आपल्याच श्वासाचा आवाज आपल्याला नकोसा होतो.

कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मायदेलीन खोटं बोलणारी बाई नाही.

एकदाच बोलली ती.

आणि ही सगळी गोष्ट त्या एका खोट्याचीच आहे.

त्या दुपारी ती पुढच्या खोलीत डोलखुर्चीत बसली होती. पहाटेपासून पहिल्यांदा. सकाळी पावाची रांग, मग नळाला पाणी नाही म्हणून शेजारून आणलेल्या बादल्या, मग आजारी वडिलांच्या चादरी, आणि या सगळ्यात नोएलियाचा ताप. चार वर्षांची पोर रात्रभर कण्हत होती. अळकुड्या कुस्करून केलेला लगदा कसाबसा दोन घास खाऊन आत्ता कुठे समोरच्या पलंगावर गप्प झाली होती. कपाळावर घाम आला होता, म्हणजे ताप उतरत होता. नवरा किनाऱ्यावरच्या हॉटेलात भांडी घासायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा.

मायदेलीनच्या हातात कॉफीचा इवलासा कप होता. अजून वाफ निघत होती.

मूल झोपल्यावर आईला जो वेळ मिळतो ना, तो कुणी दिलेला नसतो. चोरलेला असतो. ज्यांनी चोरलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

टण्... टण्... टण्...

पापा बोलावत होते.

तिचे वडील रिगोबेर्तो, सगळ्या गावाचा रिगो. मोटारसायकलींच्या पत्र्याचं काम करावं तर रिगोनेच. पण अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला तो डावा हात. त्या हातात चमचा, उशाशी मग. तीन ठोके म्हणजे ये.

उशी सरकली असेल. पाणी हवं असेल. नाहीतर परत मागच्या शेडकडे बोट दाखवतील. नेमेसियोकाकांच्या गाडीचं मडगार्ड तिथे खिळ्याला टांगलेलं होतं, अर्धवट. आजारपणात त्यांनी त्याचाच घोर लावून घेतला होता.

टण्... टण्... टण्...

डोलखुर्ची करकरत होती. मायदेलीनने पाय जमिनीला टेकवला...

आणि खुर्ची थांबवली.

आपण जाग्या आहोत हे पापांना कळू नये म्हणून.

"थांबा ना जरा," ती मनातल्या मनात म्हणाली. "एवढी कॉफी पिऊ द्या."

परत ठोके आले. घाईघाईचे. मग एकच आला, अर्धवट, हातातून निसटल्यासारखा.

मग काहीच नाही.

'झोपले वाटतं,' तिच्या मनात आलं. आणि तिला बरं वाटलं.

ते बरं वाटणंच पुढे तिच्या मानगुटीवर बसलं.

कप विसळून ती आत गेली तेव्हा पापा दाराकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे होते. दारावरच लागलेले. चमचा खाली फरशीवर होता.

तिच्या किंकाळीने सगळ्यात आधी धावत आली ती शेजारची काचिता मावशी. केसांना रोलर लावलेले, पायात एकच चप्पल.

"कधी झालं गं? तू कुठे होतीस?"

मायदेलीनने तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं...

"माझा डोळा लागला होता, मावशी. नोएलियापाशी. मला ऐकूच नाही आलं."

बस्स. एवढंच खोटं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"लागणारच! माणूस आहेस की चरकाचा बैल?" मावशीने तिला छातीशी धरलं. "सहा महिने त्या माणसाला लेकरासारखं सांभाळलंस. देवानेच तुझे कान झाकले बघ. नसतं बघवलं तुला."

मग गल्ली जमली. जो तो येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. रिगो सुटला, पण मुलीच्या हातचं खाऊन सुटला. प्रत्येक शब्दाला मायदेलीनची मान खाली जायची. लोकांना वाटायचं दुःख आहे. तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी पापांना नेलं. गावातले सगळे जुन्या मोटारसायकलींवाले आले होते, गाड्या हळूहळू चालवत, रांगेने. नेमेसियोकाका मात्र पायी होते. आपली गाडी हाताने ढकलत.

सत्तरीचा म्हातारा, पापांचा जिवाभावाचा दोस्त. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, पोलादी हत्तीसारखी. पण दोन्ही मडगार्डं काढलेली होती, आणि या लोकांचा एक रिवाज आहे. उघड्या चाकांची गाडी मयताच्या मागे चालवायची नाही. चाकाने उडवलेला चिखल गेलेल्याच्या तोंडावर उडतो म्हणतात. म्हणून काकांनी ती भर उन्हात दफनभूमीच्या फाटकापर्यंत ढकलत नेली. पोरं हात लावायला आली तर खेकसून हाकलली.

फाटकापाशी ते थांबले. शर्ट अंगाला चिकटला होता.

"रिगो, तुला नीट पोचवायचं राहिलं बघ," ते म्हणाले. "मडगार्डं बसली की परत येतो. चालवत येतो."

मग मायदेलीनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरी, शेवटी काही म्हणाला का गं तो? म्हणजे बोलता येत नव्हतं, माहितीये मला. पण काही खूण, हातवारे... काही?"

"मी झोपले होते, काका."

"बरं झालं, बरं झालं," म्हातारा मान हलवत म्हणाला. पण त्याचा चेहरा असा पडला, जसं कुणी तोंडासमोर दार लावून घ्यावं.

तीन-चार आठवड्यांनी काका दारात उभे राहिले. काखेत पावाची लादी, ओठांत न पेटवलेली चिरूट.

"तुझ्या बापाने मला दोन वर्षं लटकवलं. 'उद्या ये, उद्या ये.' आता तू सुरू कर."

"काका, कोपऱ्यावरच्या ओरेस्तेसकडे द्या ना. त्याच्याकडे मशीन आहे."

"त्याच्याकडे मशीन आहे आणि डबाभर पुट्टी आहे! पोचा दिसला की थाप पुट्टी, पोचा दिसला की थाप पुट्टी. मोटारसायकल आहे की वाढदिवसाचा केक?"

मायदेलीनला किती दिवसांनी हसू आलं. पापा अगदी हेच म्हणायचे. पोचा ठोकून काढायचा असतो, पुरायचा नसतो. त्यांच्या शेडमध्ये पुट्टीचा डबा कधी शिरलाच नाही.

"मागचं मडगार्ड तुझ्या बापाने पुरं केलंय," काका म्हणाले. "पुढचं राहिलंय, तेवढं तू कर. दुसऱ्या कुणाचा हात मला नकोय. आतला हात तर कायम तुझाच होता की."

ते खरं होतं. मडगार्डचा पोचा काढायला दोन माणसं लागतात. एकजण बाहेरून हातोडीने ठोकतो. दुसरा आतून, बरोबर त्याच जागी, लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मडगार्डच्या खोलगट पोटात मोठ्या माणसाचा हात नीट वळत नाही. मायदेलीनचा वळायचा. सहा वर्षांची असल्यापासून ती पत्र्याखाली बसून ठोकळा धरायची. ठोकाठोकीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पापांनी खुणा ठरवल्या होत्या. एक ठोका म्हणजे सरक. दोन म्हणजे थांब.

तीन म्हणजे बाहेर ये, बघ.

पोचा पूर्ण निघाला की तीन ठोके यायचे. मग ती धुळीने माखलेली बाहेर यायची आणि पापा तिचा हात धरून त्या जागेवरून फिरवायचे. "सापडतोय का कुठे होता ते?" तिला सापडायचा नाही. मग दोघं खदखदून हसायची.

दुखण्यातही त्यांनी तीच खूण ठेवली होती. हे तिच्या ध्यानात आलं ते काका गेल्यावर, लादीचा पाव कापता कापता. आपण इतके दिवस त्याचा अर्थ 'ये' एवढाच धरला होता.

ये, बघ.

काय दाखवायचं होतं त्यांना त्या दुपारी?

सुरी हातातच राहिली.

काम तिने दुपारीच सुरू केलं. सकाळी लाइट असायची तेव्हा घरची कामं, दुपारी लाइट गेली की शेड. हातोडीला लाइट लागत नाही. नोएलिया अंगणात अवोकाडोच्या झाडाखाली बाटल्यांची बुचं मांडून दुकान-दुकान खेळायची.

पापांनी बरंच उरकून ठेवलं होतं. गंजून गेलेल्या जागी जुन्या फ्रिजच्या दाराचा पत्रा कापून जोडला होता. बोल्टच्या भोकापासून तडा गेला होता, तो पुढे पळू नये म्हणून टोकाला बारीक छिद्र पाडून तिथे झाळलं होतं. राहिला होता एकच पोचा. डाव्या अंगाला, बशीएवढा, खोल. काकांच्या वडिलांनी कधीकाळी उसाच्या गाडीला धडक दिली होती त्याचा.

तिने मडगार्ड लाकडी घोडीवर चढवलं. आतला हात आता कुणीच नव्हता. म्हणून पोटात वाळूची पिशवी ठासली आणि बाहेरून ठोकायला लागली.

थप्. थप्. थप्.

आत लोखंड नसलं की पत्रा असाच वाजतो. मेल्यासारखा. आत ठोकळा असला की मात्र तो टणकन बोलतो. या धंद्यातला आंधळासुद्धा आवाजावरून सांगेल, आत हात आहे की नाही.

थप्. थप्.

धप्पकन काहीतरी पडलं. तिचा जीव उडाला. शेडच्या पत्र्यावर अवोकाडो पडला होता. ती स्वतःशीच हसली. परत हातोडी उचलली.

थप्. थप्...

टिंग.

हात हवेतच थांबला.

वाळू सरकली असेल. तिने परत मारलं.

टिंग.

स्वच्छ. खणखणीत. आत लोखंड असल्यासारखं.

तिने वाकून पाहिलं. वाळूची पिशवी कधीच घसरून खाली पडली होती. मडगार्डचं पोट रिकामं होतं. ठोकळा समोरच्या फळीवर होता, पापांनी ठेवला होता तिथेच, वर धूळ तशीच.

पळून जावंसं वाटलं. पण मग मनात आलं, पळाले तर हे दुसऱ्यांदा होईल.

तिने डोळे मिटले आणि ठोकत राहिली.

टिंग. टिंग. टिंग.

मग आतून... एक ठोका आला.

सरक.

ती सरकली. हातोडी सरकली. आतलं लोखंड तिच्या पुढे पुढे चाललं होतं. पोच्याची कड हळूहळू वर येत होती. हाताला ओळखीचा हिसका बसत होता. जणू आत कुणी दाबून धरलंय, आपल्या माणसाने दाबून धरावं तसं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते भीतीचं की कशाचं हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

अचानक आतला जोर गेला. पत्रा परत थप् वाजला.

ती थांबली. सगळं थांबलं. अंगणात नोएलियाच्या बुचांचाही आवाज नव्हता.

आणि मग मडगार्डच्या आतून...

टण्... टण्... टण्...

लोखंडाचा आवाज नव्हता तो. चमच्याचा होता.

ये, बघ.

बघायचं तर वाकून त्या काळ्या पोटात डोकं घालायला हवं होतं. तिला नाही जमलं. हातोडी टाकून ती धावली, नोएलियाला कडेवर उचललं आणि थेट काचिता मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. पोरीच्या हातातली बुचं वाटभर सांडली.

मावशी काळ्या घेवड्यातले खडे निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. घाबरली नाही, हसलीही नाही.

"उंच जागी पाण्याचा ग्लास ठेव त्याच्यासाठी. तहानेने येतात कधीकधी. आणि विचार त्याला, काय हवंय."

"मला भीती वाटते, मावशी."

"रिगोची? त्या माणसाने जन्मात झुरळ मारलं नाही. मी मारायची ती, त्याच्या घरातली!" मावशीने एक खडा खिडकीबाहेर भिरकावला. मग तिच्याकडे बघत राहिली. "मायदे, तुला त्याला काही सांगायचंय का?"

मायदेलीनच्या ओठांवर आलं होतं. सगळं. खुर्ची, कॉफी, टेकवलेला पाय.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

पाण्याचा ग्लास तिने ठेवला. पण हातोडीला परत हात लावला नाही. काका मात्र रोज गल्लीतून जाताना हाक मारायचे. "काय, उद्या का?" आणि या रविवारी दफनभूमीत जायचं म्हणून त्यांनी सगळ्या गाडीवाल्यांना सांगूनही टाकलं होतं.

शेवटी तिने ते केलं, जे त्या शेडमध्ये कधी कुणी केलं नव्हतं.

ओरेस्तेसकडून पुट्टीचा डबा आणला. धुण्याच्या पाटीत, चादरीखाली लपवून, चोरासारखा. उरलेल्या पोच्यात पुट्टी दाबून भरली. सुकू दिली, घासली, परत भरली, परत घासली. वरून काळा रंग, दोन हात. आत वाकून एकदाही पाहिलं नाही. हात फिरवला तेव्हा पोचा सापडला नाही.

पण हसू आलं नाही. दुपारी चोरून खाल्लेल्या पोरासारखं तिने हात धुतले. तीनदा.

पुढचं सांगताना मायदेलीन अजूनही मध्येच थांबते. दाराकडे बघते. मग सांगते.

शनिवारची दुपार. लाइट गेलेली. काका गाडी ढकलत अंगणात आले. मडगार्ड बघून त्यांनी तोंडातली चिरूट काढली.

"अरे देवा," ते म्हणाले. "नवऱ्या मुलीसारखं केलंस की गं!"

तिने पाना उचलला.

मागचं मडगार्ड पटकन बसलं. पुढच्याला वेळ लागला. काका मडगार्ड चाकावर तोलून धरायचे आणि ती बोल्ट लावायची. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, सैल. एक जरी आधी आवळला तर पत्रा तिरका बसतो. नोएलियाने जुन्या ट्यूबमधून कापलेले रबरी वायसर बोटांत अंगठ्यांसारखे घातले होते आणि मागितला की एकेक काढून द्यायची.

"सोनाराची पोर आहेस का गं तू?" काका तिला म्हणाले.

"नाही. रिगोआजोबांची," ती म्हणाली.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटांची जागा सोडली. मायदेलीनने सगळीकडून बोटं घालून पाहिली. कुठेच घासत नव्हतं. मग पान्याने आवळलं. पुढचं चाक उचलून धरलं आणि काकांनी ते फिरवलं.

चाक सूं करत फिरलं.

आणि...

टक्... टक्... टक्...

"दगड अडकलाय," काका म्हणाले. वाकून पाहिलं. दगड नव्हता. परत बोटं घालून पाहिलं. जागा होती. परत फिरवलं.

टक्... टक्... टक्...

"थांबव चाक."

मायदेलीनने टायरवर हात दाबला. चाक थांबलं.

ठोके थांबले नाहीत.

टक्... टक्... टक्...

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिच्या डोळ्यांसमोर डाव्या अंगाच्या काळ्या रंगाला केसाएवढी चीर गेली. मग दुसरी. गोल, बशीएवढी. आतून काहीतरी ढकलत होतं. एक ठोका. अजून एक. आणि जखमेची खपली पडावी तशी अख्खी पुट्टी सुटून तिच्या पायाशी पडली.

खाली पोचा नव्हता.

खाली पत्रा होता. गुळगुळीत, वर आलेला, आत्ताच ठोकल्यासारखा चमकणारा. त्यावर हातोडीचे बारीक ठसे, एकाला एक लागून, ओळीने.

काकांनी बोटं त्यावरून फिरवली.

"हा रिगोचा हात आहे," ते पुटपुटले. "हे ठसे त्याचे आहेत. मी झोपेतही ओळखेन. पण हा पोचा तर... तो गेला तेव्हा होता."

मग त्यांनी खाली वाकून पुट्टीचा तुकडा उचलला. उलटसुलट करून पाहिला. मायदेलीनकडे पाहिलं.

"पुट्टी, पोरी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती मान खाली घालून उभी राहिली. कानशिलं तापली होती.

"जाऊ दे, जाऊ दे," काका घाईने म्हणाले आणि तो तुकडा खिशात टाकला, जसं कुणाचं लाजिरवाणं काही आपण पटकन झाकतो. "दमली असशील. एकटी किती करशील? आणि हे बघ, त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नकोस. मला कळतं गं. झोप लागली, त्यात तुझा काय दोष? जागी असतीस तर धावली असतीस. तुझ्यासारखी मुलगी..."

"काका," ती म्हणाली.

ते थांबले.

"काका, मी त्या दिवशी..."

म्हातारा वाट बघत होता, भाबडेपणाने, टोपी छातीशी धरून. तिने परत तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात, आता मडगार्डमधून नाही...

घराच्या आतून. मागच्या खोलीतून.

टण्... टण्... टण्...

काका दगडासारखे उभे राहिले. मायदेलीनचा पाय जमिनीला खिळला.

नोएलिया बोटांतल्या रबरी अंगठ्या सांभाळत तिच्याजवळ आली. तिचा स्कर्ट ओढला. तिला वाटलं आपण कानात बोलतोय, पण मुलांचं कानातलं बोलणं अंगणभर ऐकू जातं.

"आई, रिगोआजोबा परत बोलावतायत," ती म्हणाली. "आत्तापण आपण दोघींनी झोपल्याचं नाटक करायचं का?"